सातवी पाटी

पहिली गोष्ट आधीच सांगून ठेवतो. चाळीस वर्षं मी नगरात पाट्या रंगवतोय आणि माझ्या हातून आजवर एक वेलांटी चुकलेली नाही. चुकतात त्या लोकांच्या. लोक कागदावर 'आर्शिवाद' लिहून आणतात, मी 'आशीर्वाद' रंगवून देतो. 'दुध' आणतात, मी दू दीर्घ करून टाकतो. विचारत बसत नाही, कारण विचारलं की लोक वाद घालतात. फ्लेक्सवाल्यांनी माझा धंदा खाल्ला हे खरं, पण त्यांच्यातल्या एकाला 'उद्घाटन' लिहून दाखवायला सांगा, मग बोलू.

दुसरी गोष्ट. पाटी किराण्याची असो, केशकर्तनालयाची असो नाहीतर वकिलाची, माथ्यावर आधी ॥ श्री ॥ येणार. देवाचं नाव असेल तर पुढं 'प्रसन्न' येणार. हे मला कुणी सांगावं लागत नाही, हात आपोआप तिकडं जातो. या दोन सवयींनी त्या सकाळी मला चांगलंच गोत्यात आणलं.

मनवा ही नगरचीच मुलगी. चार वर्षं सिंगापूरला होती, तिथं तिची फिलिपाईन्सच्या काही कलाकारांशी ओळख झाली. त्यांच्यातल्या सात जणांच्या कामांचं प्रदर्शन भरवायचं तिनं ठरवलं, आणि तेही मुंबई-पुणं सोडून नगरात, मार्केट यार्डामागच्या जुन्या कापसाच्या गोदामात. पोरीचं डोकं फिरलंय असं लोक म्हणाले. मीही म्हणालो. मग एक दिवस ती माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "मच्छिंद्रकाका, मला फ्लेक्स नकोय. प्रत्येक कामाशेजारी हातानं रंगवलेली मराठी पाटी हवी. आपल्या लोकांना कळायला पाहिजे." त्यानंतर तिच्या डोक्याबद्दल मी एक शब्द काढला नाही.

सात पाट्या आणि दारात एक मोठी. दारातली मी आधी केली. पिवळ्यावर काळ्या अक्षरात, 'कृपया कोणत्याही वस्तूस हात लावू नये.' दहा पावलांवरून वाचता येईल अशी. ती एक शर्तच होती. कलाकारांनी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की एकाही कामाला कुणी हात लावला, त्यात बदल केला, तर सातही कामं उतरवायची आणि परत पाठवायची. मनवानं ते पत्र मला मोबाईलवर दाखवलं होतं. या प्रदर्शनासाठी तिनं दोन वर्षं घातली होती. 

कामं आली तेव्हा मी एकेक बघितलं. एकानं जीपच्या पत्र्यावर घोडे, फुलं, आईचा फोटो असं रंगवलं होतं. ते मला फार आवडलं, ब्रशवर हात बसलेला माणूस होता. एकानं मासेमारीच्या जाळ्यात जुने मोबाईल गुंतवले होते. ते काय मला कळलं नाही. आणि सातवं काम कोपऱ्यात होतं. छताच्या तारेला हँगर लावून मोलकरणीचा पांढरा गणवेश टांगला होता. गुडघ्यापर्यंतचा झगा, त्यावर पुढं मोठा खिसा असलेला एप्रन. बाह्यांच्या टोकाला पिवळे रबरी हातमोजे. खाली दोरीनं बांधलेली एक तपकिरी पेटी, प्रवासाची. बस. एवढंच. मनवा म्हणाली, "काका, हा मारिसेलच्या आईचा आहे. आई वारल्यापासून तो धुतलेला नाही. या कामाला सगळ्यात जास्त जपायचंय. मारिसेल स्वतः येणार आहे बघायला." बाकी सहा जण येणार नव्हते, फक्त कामं आली होती. येणार होती ती एकटी मारिसेल.

कामांची नावं मनवानं एका कागदावर लिहून दिली होती. सातव्या क्रमांकाला लिहिलं होतं, 'दिवाता'.

आता मला सांगा, मी काय समजायचं? इंग्लिश मीडियमची पोर. मात्रेच्या जागी वेलांटी पडली, एक काना जास्तीचा लागला. देवता लिहायचं होतं, दिवाता झालं. मी विचारलं नाही. रंगवून टाकलं. आणि देवता म्हटल्यावर हात माथ्यावर गेलाच. लाल ऑइलपेंटमध्ये, सोनेरी शेड देऊन, ॥ श्री देवता प्रसन्न ॥. खाली बारीक अक्षरात मारिसेलचं नाव. पाटी इतकी देखणी झाली की मी दुकानाचं शटर अर्धं ओढून दोन मिनिटं तिच्याकडं नुसता बघत बसलो. सहा पाट्या मनवानं आधीच बघितल्या होत्या. सातवी मी मागं ठेवली होती, सावकाश करायची म्हणून.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी साडेआठला मी ती नेऊन लावली. लाल अजून पूर्ण वाळला नव्हता, थंडीत वाळत नाही. गोदामात मालनबाई झाडत होती. मालनबाई तिथली झाडलोटवाली, वय माझ्याएवढंच, गोदाम ज्यांचं आहे त्या ट्रस्टकडं नऊ वर्षं कामाला. किल्ली तिच्याकडंच असते. "चहा घ्यायला जातो, मालनबाई," असं म्हणून मी गेलो. चहाचं निमित्त, मिसळ खाल्ली. दहाला परत आलो.

आणि कोपऱ्यात बघतो तर गणवेशाच्या गळ्याशी, वरच्या बटणाच्या जरा वर, हळदीकुंकवाचं ठसठशीत बोट. कुंकू खाली सांडून पांढऱ्या कापडावर छातीपर्यंत उतरलेलं. एप्रनचा खिसा फुगलेला. जवळ जाऊन बघितलं तर आत नारळ, हिरवा खण, सुपारी, हळकुंड आणि मूठ-दोन मूठ गहू. ओटी भरली होती. नारळाच्या वजनानं खिशाची एका बाजूची शिवण बोटभर उसवली होती.

 शेजारी माझी पाटी झळकत होती. श्री देवता प्रसन्न. माणसाला देवी आहे म्हणून लिहून दिलं, तर माणूस ओटी भरणारच की. यात त्या माणसाची काय चूक? ही ओटी मीच भरली होती, दुसऱ्याच्या हातानं.

मी पाटी काढली. खोटं कशाला सांगू, विचारसुद्धा केला नाही. खिळ्यावरून काढली, पिशवीत घातली आणि पिशवी खांद्याला लावली. ओला लाल माझ्या बोटांना लागला, पिशवीच्या आतून लागला असणार. मालनबाई तिकडं दाराशी बादलीत फडकं पिळत होती. तिची पाठ माझ्याकडं होती, निदान मला तसं वाटलं.

पाच मिनिटांत मनवा आली, बरोबर नारायणराव. नारायणराव ट्रस्टचे अध्यक्ष, निवृत्त प्राचार्य, आवाज अजून कॉलेजातलाच. मनवा कोपऱ्यापाशी गेली आणि तिथंच थांबली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली, उकिडवी, आणि सांडलेल्या गव्हाचे दाणे बघत राहिली.

"मारिसेल शिक्रापूरच्या पुढं आलीय," ती म्हणाली. "बारापर्यंत पोचेल."

"कोणी केलं हे?" नारायणरावांनी विचारलं. विचारायचं काही कारण नव्हतं. गोदामाची किल्ली एकीकडंच होती.

मालनबाई पदराला हात पुसत पुढं आली. "म्यां केलं," ती म्हणाली.

"का?"

तिनं पदर बोटाला गुंडाळला.

"बाई, मी विचारतोय, का केलं? एवढी मोठी पाटी दारात लावली आहे, हात लावू नये म्हणून. दिसत नाही? वाचता येत नाही?"

ती खाली बघत राहिली. मी दुसरीकडं बघितलं. ती दारातली पाटी माझीच होती, आणि तिचा मला किती अभिमान होता ते आता सांगायला लाज वाटते.

मनवानं तिला जवळ घेऊन हळू आवाजात विचारलं, "मावशी, घाबरू नका. कुणी सांगितलं का तुम्हाला? देवी आहे असं वाटलं का?" मी पिशवी अंगाशी ओढली. पण मालनबाईनं मान हलवली, हो का नाही ते कळेना, आणि म्हणाली, "न्हाई, ताई. वाटलं म्हून केलं."  ओठ असे मिटले होते की पहार घालूनही उघडले नसते.

"काका," मनवा माझ्याकडं वळली, "सातवी पाटी कुठाय?"

"वाळतेय," मी म्हणालो. "दुकानात."

"हाताला काय लागलंय?"

"ऑइलपेंट." ते तरी खरं होतं.

पुढचा दीड तास मी कसा काढला ते मलाच ठाऊक. नारायणराव टेबलाशी बसून तक्रारअर्ज लिहायला लागले. पोलीस ठाण्याला एक प्रत, मनीलाला एक प्रत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शर्त मोडली, आता सातही कामं जाणार. ती वाचवायची एकच वाट, की हे संस्थेनं केलं नाही, एका अडाणी बाईनं केलं, तिच्यावर तक्रार केली आणि तिला कामावरून काढलं, असं लेखी दाखवायचं. "नाव द्यावंच लागेल," ते दोनदा म्हणाले. मनवा म्हणाली, "सर, पोलीस नको." ते म्हणाले, "मग तुमच्या मैत्रिणीला काय दाखवणार? कुंकू?" 

मी मनातल्या मनात वकिली करत होतो. बोललो तर काय होईल? नगरभर होईल. मच्छिंद्र पेंटरनं मोलकरणीच्या कपड्याला श्री देवता प्रसन्न लिहिलं. मनवा मला पुन्हा काम देणार नाही. देईना तर न देवो. पण चाळीस वर्षं मी लोकांना त्यांच्या चुका दाखवत आलो, ती सगळी माणसं पाट्या वाचायला येतील आणि हसतील. आणि तिकडं मालनबाई खांबाला टेकून उभी होती. मालक वारल्याला अकरा वर्षं झाली, एक मुलगी घोडेगावला दिलेली, ही एकटी. हे काम गेलं तर पुन्हा कोण ठेवतंय या वयात? मी खांद्यावरची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. रंगाचा वास माझ्या नाकात जात होता आणि मला वाटत होतं सगळ्यांच्या नाकात जातोय.

पावणेबाराला गाडी आली.

मारिसेल लहान चणीची, चाळिशीतली, पायात साध्या चपला. मनवानं दारातच तिला इंग्लिशमधून सांगायला सुरुवात केली, पण ती थांबली नाही. सरळ कोपऱ्यात गेली. आम्ही सगळे मागं. ती गणवेशासमोर उभी राहिली. गळ्याशी बघितलं, कुंकवाची रेघ बघितली, खिशात बघितलं. उसवलेल्या शिवणीला बोट लावलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं, आणि ते बघून मला जास्त भीती वाटली. मग तिनं वाकून नाक कापडाजवळ नेलं आणि वास घेतला. मनवानं डोळे मिटले. न धुतलेला कपडा होता तो. तिच्या आईचा जो काही वास त्यात उरला असेल, त्याच्यावर आता हळद होती.

"हू?" ती म्हणाली. एवढं इंग्लिश मलाही येतं.

नारायणराव पुढं झाले. त्यांनी इंग्लिशमधून दिलगिरी व्यक्त केली, चांगली पाच वाक्यं. मग खाली तिची कबुली लिहिलेला तो अर्ज टेबलावर सरकवला, शाईचं पॅड उघडलं आणि मालनबाईला म्हणाले, "ये इकडं. अंगठा दे."

मालनबाई आली. पदर डोक्यावरून नीट केला आणि अंगठा शाईत बुडवला. कागदावर काय लिहिलंय ते विचारलंसुद्धा नाही. अंगठा टेकला, उचलला, आणि शाई पदराला पुसली.

माझ्यानं ते बघवलं नाही. मी म्हणालो, "थांबा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पिशवीत हात घातला, पाटी काढली आणि टेबलावर, त्या कागदावरच ठेवली. लाल रंग एका बाजूनं पसरला होता, तरी अक्षरं स्पष्ट होती. "हे मी लिहिलं," मी म्हणालो. "सकाळी साडेआठला लावलं. कागदावर दिवाता होतं, मी देवता केलं. तिनं वाचलं आणि देवी समजून ओटी भरली. तिचा काय दोष? आणि दहाला येऊन मी ही पाटी काढून लपवली. दुकानात वाळत नव्हती. इथंच होती, माझ्या खांद्याला." मी शाईचं पॅड माझ्याकडं ओढलं. "अंगठा माझा घ्या."

मनवानं पाटी वाचली. "काका," ती म्हणाली, "दिवाता हे तिच्या आईचं नाव आहे." मग जरा थांबून, "शब्द आपल्या देवतेवरूनच गेलाय तिकडं. पण ते नाव आहे, काका. नाव कुणी दुरुस्त करतं का?"

मी मान खाली घातली. जमिनीनं पोटात घ्यावं म्हणतात ते काय असतं ते त्या दिवशी कळलं.

मालनबाई मात्र टेबलाजवळ येऊन वाकून पाटी बघत होती. एका बाजूनं बघितली, मग दुसऱ्या. आणि मला म्हणाली, "काय लिवलंय ह्याच्यात, भाऊ?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारतेय. "वाचली नाही तुम्ही?"

"मला कुठं येतंय वाचाया," ती म्हणाली.

शाईच्या पॅडवर अंगठा टेकला तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही, कारण दीड तास माझं सगळं लक्ष माझ्याच अक्षरांवर होतं. तिनं सकाळी त्या पाटीकडं बघितलंही नसेल.

"मग मावशी, तुम्हाला देवी वाटली नाही?" मनवानं विचारलं.

"देव कुठं भांडी घासतो व्हय, ताई? हातमोजं दिसत न्हाईत का? चार घरची धुनीभांडी म्या बी केल्यात. ती बाई हाय." मालनबाई गणवेशाकडं बघत बोलत होती, आमच्याकडं नाही. "तीन दीस झालं, रोज झाडताना बघती. पेटी भरून, दोरी बांधून तयार. बाई परमुलखाला निघालीय आन् पुढचा खिसा रिकामा. आसं कोन लावून देतं का बाईला? लेकीबाळीला आपन वेशीपातूर रिकाम्या वटीनं जाऊ देत न्हाई. मला रोज ते टोचायचं. काल घोडेगावला लेकीकडं गेल्ते, तिथनं खन आनला."

"मग हे तू मघाशी का नाही सांगितलंस?" नारायणराव म्हणाले. आवाज अजून चढाच होता, पण त्यात आता जोर नव्हता.

मालनबाईचा चेहरा लाल झाला. नऊ वर्षांत मी तिला तसं बघितलं नव्हतं. ती मनवाच्या कानाशी गेली, पण गोदामात आवाज घुमतो, सगळ्यांना ऐकू आलं. "म्या बिनमालकाची. मला कोन वटी भरू देतंय. माज्या सख्ख्या लेकीची बी तिच्या सासूनं भरली, मी चुलीम्होरं बसले हुते. हिथं कोन न्हवतं म्हून हात धजला. चारचौघांत काय सांगू, विधवेनं कुकू लावलं म्हून? काम गेलं तर जाऊ दे म्हनलं, पर ही लाज नगं."

 नारायणरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मारिसेल मनवाकडं बघत होती, सांग म्हणून. मनवा सांगायला लागली, पण तिला फार वेळ लागला. ओटीला इंग्लिशमध्ये शब्दच नाही म्हणे. ती स्वतःच्या ओढणीची झोळी करून दाखवत होती, मग दाराकडं बोट, मग पेटीकडं.  मारिसेल एक शब्द बोलली असती, 'उतरवा' एवढा, तरी सगळं संपलं असतं, आणि ती तो बोलली असती तर तिला कुणी काही म्हणू शकलं नसतं.

 मारिसेल बोलायला लागली, हळू, मध्येमध्ये थांबत, आणि मनवा आम्हाला मराठीत सांगत गेली.

"बावीस वर्षं आई हाँगकाँगला एका घरात कामाला होती. त्यात चार वेळा घरी आली. ही तीच पेटी. मी रडेन म्हणून ती मी झोपेत असताना निघायची. गल्लीतले लोक तिला निरोप द्यायला यायचे. प्रत्येक जण विचारायचा, येताना काय आणशील? कुणाला बूट हवे असायचे, कुणाला रेडिओ. मीही बाहुली सांगायचे."  मनवानं पेटीकडं बघितलं आणि पुढं सांगितलं. "जाताना तिला कधीच कुणी काही दिलं नाही. मीसुद्धा नाही. खिसा रिकामा ठेवला होता तो म्हणूनच. बघणाऱ्याला कळावं म्हणून. सहा देशांत हे काम लागलं. लोक बघायचे, फोटो काढायचे, जायचे."

मग मारिसेल मालनबाईसमोर जाऊन उभी राहिली. दोघींची उंची सारखीच होती. तिनं मालनबाईचा हात धरला, तोच, शाईचा अंगठा असलेला, आणि आपल्या कपाळाला लावला. मनवा म्हणाली की त्यांच्याकडं थोरामोठ्यांना असाच नमस्कार करतात. मालनबाई हात सोडवून घ्यायला बघत होती. "आगं बया, शाई लागंल," ती म्हणाली. लागलीच. मारिसेलच्या भुवयांच्या मध्ये निळा डाग उमटला आणि तिनं तो पुसला नाही.

सातही कामं राहिली. नारायणरावांनी अर्जाची घडी करून खिशात घातली, पुढं त्याचं काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

दार उघडायला अर्धा तास होता. मारिसेलला कोऱ्या फळीवर नवी पाटी हवी होती. मी दुकानातून ब्रश-डबे आणले आणि तिथंच जमिनीवर बसलो. मालनबाई सांडलेले गहू वेचत माझ्याशेजारी आली तेव्हा मी म्हणालो, "मालनबाई, मी घाबरलो होतो. तुमच्यावर येऊ दिलं सगळं. मला माफ करा."

"ठावं हाय," ती म्हणाली. "तुमी पाटी पिशवीत घातली ते दिसलं हुतं मला."

माझा ब्रश थांबला. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? मला वाटलं, पेंटरचं कायतरी चुकलं आसंल. मानसाचं चुकतं." आणि ती पुन्हा गहू वेचायला लागली.

 मी फळी पुढं ओढली. हात सवयीनं माथ्यावर गेला, श्रीच्या जागी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी तो खाली आणला. 'दिवाता' लिहिलं. द ला पहिली वेलांटी, व ला काना, जसं कागदावर होतं तसं. खाली मारिसेलचं नाव. त्याच्या खाली कामात काय काय वापरलंय ते लिहायचं असतं. मनवा सांगत गेली, मी लिहीत गेलो. गणवेश, एप्रन, हातमोजे, पेटी, दोरी. मग मारिसेल काहीतरी म्हणाली आणि मनवानं सांगितलं, "पुढं लिहा, काका. गहू, खण, नारळ, हळद, कुंकू. आणि नवीन ओळीवर, ओटी मालनबाईंनी भरली."

मी ती ओळ लाल रंगात काढली. मोठी.

मालनबाई मागं उभी राहून बघत होती. "ह्यात माजं नाव कंचं?" तिनं विचारलं.

मी ब्रशच्या टोकानं दाखवलं. ती खाली वाकली आणि मी काही म्हणायच्या आत तिनं अंगठा नावावर टेकवला, खरंच तिथं आहे का बघावं तसा. ओल्या पाटीला कुणी हात लावला तर मी सख्ख्या बापाला सोडत नाही, सगळ्या मार्केट यार्डाला ठाऊक आहे. 'मा'चा काना पुसला गेला आणि त्या जागी तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला, रेघान् रेघ दिसेल असा.

"बिघडलं का?" ती घाबरून म्हणाली.

"नाही," मी म्हणालो आणि पाटी तशीच खिळ्याला लावली.